एमएचटी-सीईटीचं गाइड दुकानात उभ्या उभ्या कसं पारखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा बारावी सायन्सला आहे, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुप, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी राज्याची एमएचटी-सीईटी परीक्षा द्यायची आहे, क्लास लावलेला नाही. दुकानदाराने चार प्रकाशनांचे संच पुढ्यात ठेवले. सगळ्यांवर ‘नवीन अभ्यासक्रमानुसार’ छापलंय, किमतीही जवळजवळ सारख्या. यातलं कोणतं घ्यावं?

मी प्रकाशनाचं नाव सांगत नाही, कारण त्याचा उपयोग होत नाही. एकाच प्रकाशनाचं गणिताचं पुस्तक उत्तम आणि केमिस्ट्रीचं सुमार असं सर्रास असतं. प्रत्येक विषयाचे लेखक वेगळे असतात. म्हणून पहिली गोष्ट, संच घेऊ नका. तिन्ही विषयांची पुस्तकं सुटी बघा, तीन वेगळ्या प्रकाशनांची निघाली तरी चालतील. आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकं घरात नसतील तर आधी ती आणा. सीईटीचा ८० टक्के भाग बारावीच्या त्याच पुस्तकांतून येतो, उरलेला २० टक्के अकरावीतून. बालभारतीच्या संकेतस्थळावर त्यांच्या पीडीएफ फुकट मिळतात, पण रोज हाताळायला छापील प्रत हवी.

दुकानात जाण्याआधी पेपरचा आराखडा डोक्यात पक्का असू द्या, कारण गाइडची निवड त्यावरच ठरते. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५०, प्रत्येकी १ गुण, दोन्ही मिळून ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कॅल्क्युलेटर नाही. म्हणजे एकूण २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे, आणि फिजिक्स-केमिस्ट्रीच्या एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद. पैसे जपून खर्च करायचे असतील तर सगळ्यात चांगलं पुस्तक गणिताचं घ्या. फिजिक्स-केमिस्ट्रीचं गाइड निवडताना एकच विचार ठेवा: हे पुस्तक मुलाला ५४ सेकंदांत उत्तर काढायला शिकवतं का?

आता पुस्तक हातात घ्या. आवृत्तीचं वर्ष बघा, मुखपृष्ठावरचं नव्हे, आतल्या पानावरचं. बारावीची सध्याची पाठ्यपुस्तकं २०२० मध्ये आली. त्याआधीच्या मजकुरावर नवं कव्हर चढवलेलं पुस्तक अजूनही विकलं जातं. ते ओळखायला अनुक्रमणिका पुरते. केमिस्ट्रीच्या पुस्तकात ‘ग्रीन केमिस्ट्री अँड नॅनोकेमिस्ट्री’ हा शेवटचा, सोळावा धडा आहे का बघा. अकरावीच्या भागात ‘अ‍ॅडसॉर्प्शन अँड कोलॉइड्स’ आहे का बघा. फिजिक्समध्ये ‘मॅग्नेटिक मटेरियल्स’ स्वतंत्र धडा हवा, आणि ‘कायनेटिक थिअरी’च्या धड्यात रेडिएशनचा भागही हवा. हे नसेल तर पुस्तक जुनं आहे, किंवा दुसऱ्याच परीक्षेचं आहे.

हे दुसऱ्या परीक्षेचं प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. जेईई ही इंजिनिअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. ‘जेईईची पुस्तकं केली की सीईटी आपोआप होते’ हे तुम्हाला दहा जण सांगतील. काठिण्यपातळीच्या बाबतीत ते अर्धं खरं आहे. अभ्यासक्रमाच्या बाबतीत नाही. आपल्या बारावीच्या गणितात ‘मॅथेमॅटिकल लॉजिक’, ‘पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स’ आणि ‘लिनियर प्रोग्रॅमिंग’ हे तीन पूर्ण धडे आहेत. जेईई मेनच्या सध्याच्या अभ्यासक्रमात लॉजिक नाही आणि लिनियर प्रोग्रॅमिंगही नाही, त्यामुळे त्या परीक्षेच्या पुस्तकात ते शोधून सापडणार नाही. आणि हे धडे अवघड नाहीत! लॉजिकचे प्रश्न तर तयारी असलेला मुलगा मिनिटाच्या आत सोडवतो, प्रत्येकी २ गुण. फिजिक्समध्ये ‘रोटेशनल डायनॅमिक्स’ उघडून बघा. बालभारतीच्या पुस्तकात या धड्याची सुरुवातच वर्तुळाकार गतीने होते: बँक केलेला रस्ता, मौत का कुआँ, कोनिकल पेंड्युलम, मग उभ्या वर्तुळातली गती. गाइडमध्ये या चारांवर भरपूर प्रश्न असतील तर लेखकाने आपलं पाठ्यपुस्तक समोर ठेवून काम केलंय. नसतील तर दुसऱ्या परीक्षेचे प्रश्न उचलून नवं नाव दिलंय.

अकरावीसाठी वेगळं जाडजूड गाइड घेऊ नका. प्रत्येक विषयाच्या ५० पैकी साधारण १० प्रश्न अकरावीचे असतात, आणि तेही ठरावीक धड्यांवर. फिजिक्सचंच बघा: अकरावीच्या पुस्तकात १४ धडे आहेत, त्यांपैकी सीईटीला ८ येतात. मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, थर्मल प्रॉपर्टीज, साउंड, ऑप्टिक्स, इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि सेमीकंडक्टर्स. बाकीच्या सहा धड्यांची पानं तुम्ही विकत घेणार आणि मुलगा कधी उघडणार नाही. बारावीच्याच गाइडमध्ये अकरावीचे नेमके धडे जोडलेले असतात, तेवढं पुरतं. ही परीक्षा घेणारं राज्याचं सीईटी सेल दरवर्षी अभ्यासक्रमाचं परिपत्रक काढतं. त्याची प्रिंट खिशात घालून दुकानात जा आणि अनुक्रमणिकेशी धडा न् धडा ताडून बघा.

अनुक्रमणिका जुळली की खरी परीक्षा: उत्तरांची स्पष्टीकरणं. मुलाला बरोबर न्या आणि त्याचा झालेला धडा उघडायला सांगा. केमिस्ट्रीत ‘केमिकल कायनेटिक्स’ घ्या. असा एखादा प्रश्न तिथे हमखास असतो: प्रथम कोटीची अभिक्रिया ६० मिनिटांत ७५ टक्के पूर्ण होते, तर अर्धायुष्य (पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ) किती? आता मागे स्पष्टीकरण बघा. ते २.३०३ आणि लॉगचं सूत्र घेऊन अर्धं पान चाललं असेल, तर ते बोर्डाच्या पेपरचं उत्तर आहे, सीईटीचं नाही. चांगलं पुस्तक दोन ओळींत सांगतं: ७५ टक्के संपलं म्हणजे २५ टक्के उरलं, म्हणजे दोनदा निम्मं झालं, म्हणजे ६० मिनिटांत दोन अर्धायुष्यं, उत्तर ३० मिनिटं. लॉग नाही, आकडेमोड नाही.

त्याच प्रश्नाचे पर्यायही बघा. घाईत सरळ त्रैराशिक मांडणाऱ्या मुलाचं उत्तर ४० येतं, आणि ६०चे ७५ टक्के काढणाऱ्याचं ४५. चांगल्या पुस्तकात हे दोन्ही आकडे पर्यायांत बसलेले असतात, म्हणजे मुलाची चूक तिथल्या तिथे पकडली जाते. पर्याय ३, ३०, ३०० आणि ३००० असे दिले असतील तर लेखकाने मेहनत घेतलेली नाही. अशा पुस्तकात मुलाला ९० टक्के पडतात आणि पेपरात ६० टक्के, मग घरात सगळे बुचकळ्यात पडतात.

गणिताचं गाइड तुम्हालाही तपासता येईल, गणित येत नसलं तरी. लॉजिकच्या धड्यात एखाद्या ‘जर-तर’ विधानाचा निषेध (निगेशन, म्हणजे ते विधान खोटं ठरवणारं विधान) विचारलेला प्रश्न काढा. ‘पाऊस पडला तर मैदान ओलं होतं’ याचा निषेध ‘पाऊस पडला नाही तर मैदान ओलं होत नाही’ असा नाही. तो ‘पाऊस पडला आणि मैदान ओलं झालं नाही’ असा आहे. मुलं इथे हटकून चुकतात. स्पष्टीकरणात हे का, ते एका ओळीत तरी दिलंय, की नुसतं ‘उत्तर : पर्याय क’ लिहून मोकळे झालेत? नुसती उत्तरं असलेलं पुस्तक क्लासमध्ये शिक्षक असताना चालतं. तुमच्या मुलाला क्लास नाही, त्याच्यासाठी स्पष्टीकरण हाच शिक्षक आहे. त्यामुळे निदान अवघड प्रश्नांची पूर्ण स्पष्टीकरणं नसलेलं पुस्तक तुम्ही परत ठेवा, मग किंमत कितीही कमी असो.

छपाईच्या चुका हा पुढचा मुद्दा, आणि तो किरकोळ समजू नका. कुठल्याही एका धड्यातले २० प्रश्न घ्या. उत्तरसूचीत दिलेला पर्याय आणि स्पष्टीकरणाच्या शेवटी आलेला पर्याय एकच आहे का ते ताडा. याला विषयाचं ज्ञान लागत नाही, दहा मिनिटं लागतात. एखादी चूक मी सोडून देईन, दोन-तीन निघाल्या तर पुस्तक नको. एकट्याने अभ्यास करणारा मुलगा चुकीच्या उत्तरसूचीपुढे स्वतःचं बरोबर उत्तर चुकीचं मानतो आणि तासभर डोकं आपटत बसतो. तेवढ्यात त्याचा अख्खा धडा झाला असता.

मुखपृष्ठावरच्या ‘१०,००० प्रश्न’ला भुलू नका. हिशेब करून बघा. वाचणं, सोडवणं, तपासणं धरून प्रश्नाला २ मिनिटं लावली तरी १०,००० प्रश्नांना सव्वातीनशे तासांहून जास्त वेळ लागतो. रोज दोन तास म्हणजे साडेपाच महिने, तेही एकाच विषयाला. बारावीच्या वर्षात प्रॅक्टिकल, जर्नल, प्रीलिम आणि बोर्ड सांभाळून हे होत नाही. धड्यामागे १०० ते १५० प्रश्न, सोपे-मध्यम-अवघड अशी विभागणी आणि विषयागणिक एकच पुस्तक, एवढं पूर्ण होतं. दोन गाइडं अर्धी-अर्धी सोडवलेला मुलगा दोन्हींतले सोपे प्रश्नच सोडवतो, हे मी सांगायला नको.

डायजेस्ट आणि ‘अपेक्षित’ प्रकारचे संच बोर्डासाठी आहेत. लेखी उत्तरं कशी मांडायची ते त्यांत असतं. बोर्डासाठी जरूर घ्या, पण सीईटीचा खर्च त्यात भागला असं समजू नका. उलटही तसंच: सीईटीच्या गाइडने बोर्डाच्या पेपरातली सूत्रांची व्युत्पत्ती (डेरिव्हेशन) लिहिता येणार नाही.

गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. दहावी मराठी माध्यमातून झालेल्या मुलाने गाइडही इंग्रजीच घ्यावं. हव्या त्या जागी पेन्सिलीने मराठी शब्द लिहून ठेवले की महिनाभरात सवय होते.

जुनी पुस्तकं घ्यायला हरकत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात चांगल्या स्थितीतली मिळतात, इतर शहरांतही कॉलेजांच्या आसपास मिळतात. मात्र दोन गोष्टी बघा. आधीच्या मालकाने पर्यायांवर खुणा केल्या असतील तर सराव होत नाही, नजर आपोआप त्या खुणेवर जाते. आणि पुस्तकाबरोबर ऑनलाइन चाचण्यांचा स्क्रॅच कोड असेल तर तो वापरून झालेला धरूनच भाव करा.

शेवटी मागील वर्षांच्या पेपरांचा संच. हा घ्याच, पण आत्ता नाही, दिवाळीनंतर. तोपर्यंत ताज्या परीक्षेचे पेपर घातलेली आवृत्ती आलेली असते. सीईटी संगणकावर, अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. त्यामुळे संचातल्या प्रत्येक पेपरवर तारीख आणि सत्र छापलेलं हवं. नुसतं ‘सीईटी २०२३’ एवढंच असेल तर मुलांच्या आठवणीतून जमवलेले प्रश्न असण्याची शक्यता जास्त. पेपर २०२१ पासून पुढचेच घ्या, त्याआधीचे जुन्या पाठ्यपुस्तकांवरचे आहेत. मागे ‘इतके गुण म्हणजे इतका पर्सेंटाइल’ असा तक्ता असेल तर मुलाला तो बघू देऊ नका. पर्सेंटाइल त्या सत्रातल्या इतर मुलांच्या तुलनेत निघतो, त्यामुळे तेवढेच गुण वेगळ्या सत्रात वेगळा पर्सेंटाइल देतात.

संच आणला की सर्वांत अलीकडच्या वर्षाचे निदान चार पेपर बाजूला काढून स्टेपल करून ठेवा. धडावार सरावासाठी बाकीचे फोडा, हे चार बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत उघडायचे नाहीत. मग ते घड्याळ लावून सोडवायचे, फिजिक्स-केमिस्ट्रीला ९० मिनिटं आणि गणिताला ९०, एकातली उरलेली वेळ दुसऱ्यात न घेता.