'तुकडी' नव्हे, रेजिमेंट. आणि 'टँक' मूळचा आपल्याकडचा

प्रश्न असा आहे: इटलीच्या सैन्यातल्या '१३२ रेज्जिमेंतो कार्री'चा इतिहास मराठीत लिहिताना 'टँक तुकडी' म्हटलं तर चालेल का, की 'रणगाडा' हवा? आणि 'कार्री' म्हणजे मोटारी का?

'तुकडी' अजिबात चालणार नाही. हल्ली पाचजणांची गस्त ही तुकडी, आठशेंची पलटण ही तुकडी आणि अख्खी डिव्हिजन आली तरी तुकडीच! वाचणाऱ्याला आकाराचा काही अंदाज यायला नको का? ही रेजिमेंट १ सप्टेंबर १९४१ रोजी लिबियात उभी राहिली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला लिबियातल्याच बीर एल गुबी इथे तिच्या तीन बटालियन ब्रिटिशांच्या २२व्या आर्मर्ड ब्रिगेडला भिडल्या आणि तिला रोखून धरलं. हे तुकडीचं काम नव्हे. कुणी 'रिसाला' सुचवेल, पण तेही चूक. इटलीचे कार्रिस्ती, म्हणजे रणगाड्यांवरचे सैनिक, त्या काळी पायदळात मोडत. घोडदळाकडे ते १९९९ मध्ये गेले. तेव्हा सरळ 'रेजिमेंट' लिहा. आणि १३२ हा अनुक्रमांक आहे, रणगाड्यांची संख्या नाही. तिच्या आरिएते डिव्हिजनचा क्रमांकही १३२च.

'कार्री' हे 'कार्रो'चं अनेकवचन. कार्रो म्हणजे गाडा, 'कार्रो आर्मातो' म्हणजे शस्त्रं चढवलेला गाडा. मूळ लॅटिन 'कार्रुस', तोही रोमनांनी गॉल लोकांकडून उचललेला. मोटारकारमधली 'कार' याच घराण्यातली, पण इथे मोटारींचा संबंध नाही. आपला 'रणगाडा' आणि इटालियन 'कार्रो आर्मातो' यांची घडण एकच आहे. फ्रेंच 'शार'सुद्धा गाडाच. मग हातात चपखल शब्द असताना 'टँक' कशाला?

आता या 'टँक'कडे बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. १९१५ साली ब्रिटनमध्ये हे यंत्र गुप्तपणे तयार होत होतं. एवढं मोठं लोखंडी धूड लपवायचं कसं? तर मेसोपोटेमियाला पाणी न्यायच्या टाक्या आहेत असं भासवायचं. त्यावरून 'टँक' हे नाव पडलं आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या फ्लेर-कूर्सलेतच्या लढाईत ते यंत्र प्रत्यक्ष उतरलं. आणि पाण्याचा 'टँक' इंग्रजांनी उचलला तो हिंदुस्थानात, गुजरातीतल्या 'टांकी'वरून, आपल्या 'टाक्या'वरून.

शिवणातला टाका वेगळा, त्यात शिरत नाही. मला म्हणायचंय ते कातळात खोदलेलं टाकं. नाणेघाटात आहेत, हरिश्चंद्रगडावर आहेत, शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी तर प्रसिद्धच. हा शब्द 'टंक' या संस्कृत शब्दातून आला, असं माझं ठाम मत आहे. टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी. तीच आपली टाकी: जिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, जी गुळगुळीत झालेल्या जात्याला लावतात. टाकीनं खोदलं ते टाकं. इतकी सरळ व्युत्पत्ती समोर असताना पोर्तुगीज 'तांके'कडे धावणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पोर्तुगीज शब्दाच्या मुळाशी 'एश्तांकार', म्हणजे वाहतं पाणी अडवणं. त्यातून फार तर बांध घातलेलं तळं निघेल. कातळातलं टाकं कुणी पाणी अडवून केलेलं नाही, ते खोदून काढलेलं आहे. 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाच्या कर्त्यांनी १८८६ साली देशी आणि पोर्तुगीज असा दुहेरी उगम सांगून दोन्ही डगरींवर पाय ठेवला, आणि पुढच्यांनी त्यातला पोर्तुगीज पायच घट्ट धरला. पाथरवटाला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

यावर हटकून येणारा आक्षेप म्हणजे कान्हेरी-जुन्नरच्या लेण्यांतल्या प्राकृत लेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय. खरं आहे. पण ती दानलेखांची भाषा. दान देणाऱ्याचा शब्द दगडावर कोरला गेला म्हणून खोदणाऱ्याच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता, असं कसं ठरतं?

तर 'रणगाडा रेजिमेंट' लिहा. आणि इतिहास लिहिताय तर २७ मे १९४२ ची सकाळ वगळू नका. लिबियातल्या बीर हकीमच्या आग्नेयेला याच रेजिमेंटचे एम १३/४० आणि एम १४/४१ रणगाडे ब्रिटिशांच्या बाजूनं लढणाऱ्या तिसऱ्या इंडियन मोटर ब्रिगेडवर चालून गेले आणि आपल्या जवानांची फळी चिरडून पुढे सरकले. त्याच दिवशी बीर हकीम राखणाऱ्या फ्रेंचांच्या सुरुंगांत नि तोफांत नवव्या बटालियननं ३० हून अधिक रणगाडे गमावले. नोव्हेंबर १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनला रेजिमेंट संपली. युद्धानंतर ती पुन्हा उभारली गेली आणि आज ईशान्य इटलीतल्या फ्रिउली प्रांतात, कोर्देनोन्स इथे आहे. हे सगळं इंग्रजीतून घेताना एक ध्यानात ठेवा. एम म्हणजे मध्यम, १३ म्हणजे टनांतलं वजन, ४० म्हणजे साल. मी एका लेखात 'तेरा बाय चाळीस आकाराचा' असं वाचलंय.