बॉइज ब्रिगेड आणि स्काउट एकच का? कोणी सुरू केली, रचना कशी असते?

एकच नाहीत. बॉइज ब्रिगेड ही मुलांची ख्रिस्ती संघटना स्काउटपेक्षा जुनी आहे. विल्यम अलेक्झांडर स्मिथ यांनी ती 4 ऑक्टोबर 1883 रोजी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत सुरू केली. स्मिथ संडे स्कूलमध्ये (चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात) शिकवत आणि स्वयंसेवक पलटणीत अधिकारीही होते. वर्गात पोरं दंगा करायची, मोठी झाली की यायचीच बंद व्हायची. पलटणीतली कवायत इथे वापरून पाहू, असं त्यांना सुचलं. पण कवायत म्हणजेच सगळं नव्हे. बायबल वर्ग तितकाच महत्त्वाचा, आणि हे विसरलं की उरते फक्त परेड.

सुरुवातीचा गणवेश मुद्दाम स्वस्त ठेवला होता: रोजच्याच कपड्यांवर गोल चपटी टोपी, कमरेला पट्टा आणि खांद्यावरून तिरकी पांढरी झोळी. गरीब घरातल्या मुलालाही परवडावं म्हणून. चिन्ह जहाजाचा नांगर, बायबलमधल्या इब्री 6:19 या वचनावरून. त्यामागचा लाल क्रूस 1926 मध्ये आला, बॉइज लाइफ ब्रिगेड ही मुलांची दुसरी संघटना तिच्यात विलीन झाली तेव्हा.

मूळ घटक म्हणजे कंपनी, आणि ती साधारणपणे चर्चशी जोडलेली असते. कंपनीचा प्रमुख कॅप्टन, त्याच्या हाताखाली लेफ्टनंट. मुलं स्क्वाडमध्ये विभागलेली. एका भागातल्या कंपन्या मिळून बटालियन.

स्काउटशी नातं मात्र खरं आहे. स्काउटचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या 1907 च्या, इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या शिबिरात बोर्नमथ आणि पूलच्या ब्रिगेडमधली मुलंही होती. पुढे स्काउट चळवळ सर्व धर्मांना खुली झाली, ब्रिगेड ख्रिस्ती उद्देशावरच राहिली.