वाचकांचे प्रश्न : जपानी शिक्षकांच्या पंगतीत

प्रश्न : ओकायामा प्रांतातील एका लहान गावात, माध्यमिक शाळेत इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका म्हणून मी येत्या ऑगस्टमध्ये रुजू होणार आहे. मी पूर्ण शाकाहारी आहे आणि मद्य घेत नाही. शिक्षकांच्या रात्रीच्या जेवणांना गेले नाही तर सहकारी दुरावतात, असे ऐकून धास्ती वाटते. मी काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात तुमचे जाणे-येणे असेल, तर ओकायामाची थोडी ओळख तुम्हाला आधीच आहे. तिथल्या कोराकुएन या तीनशे वर्षांहून जुन्या उद्यानाच्या धर्तीवरच ते उभारलेले आहे. साहाय्यक शिक्षिका म्हणून मी स्वतः जपानमध्ये काही वर्षे काढली आहेत आणि तुमच्यासारखीच शाकाहारी राहून काढली आहेत, म्हणून अनुभवाने सांगते की या जेवणांना तुम्ही जरूर जावे.

या जेवणांना ‘एनकाई’ म्हणतात. जपानी शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तेव्हा नव्या शिक्षकांच्या स्वागताची एनकाई असते. डिसेंबरमध्ये सरत्या वर्षाला निरोप देणारी ‘बोनेनकाई’ होते आणि मार्चमध्ये बदली होऊन जाणाऱ्यांसाठी ‘सोबेत्सुकाई’. सरकारी शाळांतले शिक्षक काही वर्षांनी दुसऱ्या शाळेत जातातच, त्यामुळे मार्चमधली ही निरोपाची पंगत सर्वांत जिव्हाळ्याची असते आणि एखाद्या वर्षी एकाच एनकाईला जाणे शक्य असेल, तर ती हीच निवडावी. दिवसभर शिक्षकखोलीत शेजारी बसूनही कामापलीकडे शब्द न बोलणारा सहकारी तिथे तुम्हाला तुमच्या आईवडिलांविषयी विचारतो, आपल्या मुलीचे फोटो दाखवतो. शाळेत तुम्ही ‘इंग्रजीच्या बाई’ असता; तिथे प्रथमच तुम्ही एक माणूस म्हणून त्यांना भेटता.

मद्याची अडचण तर मुळीच नाही. ‘ओसाके वा नोमेमासेन’, म्हणजे ‘मला दारू चालत नाही’, एवढे एक वाक्य पुरते आणि समोर उलाँग चहा येतो. गावाकडे पुष्कळ शिक्षक मोटारीने येतात आणि जपानमध्ये मद्य पिऊन गाडी चालवणाऱ्यालाच नव्हे, तर त्याला मद्य देणाऱ्याला आणि जाणूनबुजून त्याच्या गाडीत बसणाऱ्यालाही शिक्षा होते; त्यामुळे न पिणारे पाच-सहा जण प्रत्येक पंगतीत असतातच. सायकलही याला अपवाद नाही, नोव्हेंबर 2024 पासून तिच्यासाठीही नियम अधिक कडक झाले आहेत.

पेला कशाने भरला आहे याला महत्त्व नाही, तो कोणी भरला याला आहे. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नसतो. शेजारच्याचा पेला अर्ध्यावर आला की बाटली दोन्ही हातांत धरून, तिच्यावरचे लेबल वर ठेवून, तुम्ही त्याला ओतून द्यायचे. तो तुम्हाला देईल तेव्हा तुम्हीही आपला पेला दोन्ही हातांनी पुढे करायचा. सुरुवातीला सगळे पेले उंचावून ‘कान्पाई’ म्हणतात, त्या वेळी मुख्याध्यापकांच्या पेल्यापेक्षा आपल्या पेल्याची कड किंचित खाली ठेवावी. मी उलाँग चहाचा पेला घेऊन बसले असताना गणिताचे एक वयस्क शिक्षक खास उठून माझ्यापाशी आले, चहाचीच बाटली दोन्ही हातांनी धरून त्यांनी माझा पेला भरला आणि वाकून नमस्कार केला. त्यानंतर वर्षभर आमची भाषेची अडचण कधी अडचण वाटली नाही.

खरी काळजी जेवणाची घ्यावी लागते. ‘मी शाकाहारी आहे’ असे सांगून भागत नाही, कारण मांस नसले म्हणजे झाले, असा त्याचा अर्थ अनेक जण घेतात आणि मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, साध्या सारातही बोनितो माशाच्या वाळवलेल्या कापांचा अर्क, ‘दाशी’, असतो. म्हणून ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन, कात्सुओ नो दाशी मो दामे देसु’ असे, मांस, मासा आणि माशाचा दाशी या तिन्हींचे नाव घेऊन, सांगावे. अंडी चालत नसतील तर तेही जोडावे, कारण भाज्यांच्या तेम्पुऱ्याच्या, म्हणजे तिथल्या भज्यांच्या, पिठात अंडे असू शकते.

आणि हे कधी सांगावे, याला सर्वांत जास्त महत्त्व आहे. पहिल्या वर्षी मी संकोचाने गप्प राहिले. ‘आपल्यामुळे कोणाला त्रास नको, जे चालेल ते खाऊ,’ असा आपल्याकडचा भिडस्त विचार मी केला. बोनेनकाईत एकामागून एक सात पदार्थ आले आणि त्यांपैकी मला फक्त भात आणि मिठातल्या एदामामे शेंगा खाता आल्या. उपमुख्याध्यापक तीनदा उठून स्वयंपाकघरात विचारून आले, त्यांचे स्वतःचे ताट थंड झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्यांनीच माझी क्षमा मागितली. चूक पूर्णपणे माझी होती. एनकाईचे जेवण माणशी ठरवून आठवडाभर आधी सांगितलेले असते, माणशी खर्च बहुधा चार-पाच हजार येन येतो आणि आयत्या वेळी न येणाऱ्यालाही पैसे भरावेच लागतात. आयोजनाची जबाबदारी एका शिक्षकावर असते, त्याला ‘कान्जी’ म्हणतात. तारीख कळताच त्या कान्जीला वरचे वाक्य कागदावर लिहून द्या. पुढच्या वर्षी मी तसे केले, तेव्हा माझ्यासाठी टोफू, मिठाबरोबर खायचा भाज्यांचा तेम्पुरा आणि खारवलेल्या उमे फळाचा ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, निराळा आला आणि कोणाचेही जेवण अडले नाही.

दुपारच्या शाळेतल्या जेवणाचे, ‘क्युशोकु’चेही, असेच. पांढरे डगले आणि टोप्या घालून मुलेच वाढतात आणि अनेक ठिकाणी परदेशी शिक्षकांनी वर्गात बसून त्यांच्याबरोबर जेवावे, अशी अपेक्षा असते. पहिल्याच आठवड्यात शाळेशी बोलून डबा आणण्याची परवानगी घ्या. पोळी-भाजीचा डबा उघडला की मुले स्वतःहून इंग्रजीत प्रश्न विचारू लागतात, हे मी रोज पाहिले आहे.

एनकाई साधारण दोन तासांत आटोपते. त्यानंतर काही जण कराओकेला किंवा दुसऱ्या ठिकाणी ‘निजिकाई’साठी जातात, तिथे जाणे पूर्णपणे ऐच्छिक असते, तेव्हा निःसंकोच निरोप घ्यावा. मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत कान्जीचे आभार मानायला विसरू नये आणि पंगतीत मोकळेपणी बोललेले काही शिक्षकखोलीत काढू नये.

प्रश्न : जपानमध्ये शिकवायला लागून मला वर्ष झाले. सहकारी चांगले आहेत, पण एकानेही घरी जेवायला बोलावले नाही. एकाने ‘जवळपास आलात तर या’ असे म्हटले, पण नंतर विषयच काढला नाही. रविवार फार एकटा जातो. माझे काही चुकते आहे का?
— एक वाचक, मूळ नाशिक

उत्तर : तुमचे काही चुकत नाही. ‘जवळपास आलात तर या’ हे तिथले सौजन्याचे वाक्य आहे. आपणही रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्याला ‘या एकदा घरी’ म्हणतोच. जपानी घरे लहान असतात आणि तिथे पाहुण्याला घरी बोलावण्यापेक्षा बाहेर भेटण्याची रीत अधिक आहे, त्यामुळे घरी न बोलावणे म्हणजे दुरावा नव्हे. तुम्हीही बोलावताना दिवस, वेळ आणि ठिकाण ठरवून विचारा. उत्तरात ‘चोत्तो…’, म्हणजे ‘जरा…’, म्हणून वाक्य अर्धवट सोडले गेले, तर तो नकार समजावा आणि कारण विचारू नये.

रविवारचा एकटेपणा मी जाणते; पहिल्या हिवाळ्यात मी दुकानदाराशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून रोज थोडी थोडी भाजी आणत असे. तो एकटेपणा हटला गावच्या ‘कोमिनकान’मुळे, म्हणजे सार्वजनिक केंद्रामुळे. सुलेखन, ताइको ढोल, स्वयंपाक, असे वर्ग तिथे अल्प शुल्कात चालतात आणि येणारे बहुतेक निवृत्त लोक असतात, ज्यांच्यापाशी वेळ असतो आणि नवख्याला शिकवण्याची हौसही. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच चेहऱ्यांसमोर जात राहा. मला पहिले घरचे आमंत्रण सुलेखनाच्या वर्गातल्या सत्तरीच्या आजींकडून आले, पण त्याला चौदा महिने लागले.

प्रश्न : दिवाळीला घरी येऊन जपानला परतताना तिथल्या शाळेसाठी काय न्यावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रत्येक नग स्वतंत्र वेष्टनात असलेली चिक्की किंवा सोनपापडी न्यावी, शिक्षकखोलीतल्या माणसांच्या संख्येएवढी आणि वर दोन-चार जास्त. डब्यातून मुठीने वाटायचे फराळाचे पदार्थ तिथे अवघड होतात, कारण प्रत्येकाच्या मेजावर एकेक नग ठेवण्याची पद्धत आहे. चिक्कीत शेंगदाणे आहेत, अशी चिठ्ठी जपानीत लिहून खोक्यावर चिकटवा आणि ॲलर्जीच्या धोक्यामुळे मुलांना मात्र शाळेला विचारल्याशिवाय खाऊ देऊ नका.