आईस्क्रीम चाखायला नवीन आहेस ना, आधी एवढंच कर

अरे मस्त, आईस्क्रीम चाखून त्याच्या चवीबद्दल लिहायचंय म्हणतोस, कर सुरुवात! फक्त एका दिवशी तीनच फ्लेवर घे, जास्त घेतले की गारठ्याने जीभ बधिर होते आणि मग चवीतला फरकच कळत नाही. तिखट मिसळ खाऊन थेट आईस्क्रीम चाखायला तर अजिबात जाऊ नकोस.

- कप हातात आला की दोन मिनिटं थांब, कडेने सुटायला लागलं की मगच चमचा घाल, वास तेव्हाच येतो. पेरू-मिरची असेल तर आधी पेरू लागतो, तिखट गिळल्यावर घशात येतं, ते तिथेच मोबाईलवर टिपून ठेव, घरी येईपर्यंत विसरतं.
- नुसतं 'भारी' लिहू नकोस. बर्फाचे कण लागले का, द्राक्ष खरं की इसेन्स, ते लिही.

डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' असेल तर त्यात दुधाच्या फॅटऐवजी किंवा त्याच्यासोबत वनस्पती तेल असतं, ते बघत जा. बाकीचं नंतर सांगतो.