आजीची प्रार्थना एवढी लांब का असते?

प्रिय पिल्लू,

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीने डोळे मिटले आणि तू माझ्या कानाशी येऊन पुटपुटलीस, "पप्पा, आजीची प्रार्थना एवढी लांब का असते? आणि ती देवाला शेजाऱ्यांची नावं का सांगते? देवाला माहीत नसतात का?" आजीचं 'आमेन' व्हायचं होतं, म्हणून मी नुसतं डोळ्यांनी दटावलं. पण प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर थोडं लांबलचक आहे.

आमच्या बेळगावच्या घरात दिवेलागण झाली की कौटुंबिक उपासना. टीव्ही बंद, चटई अंथरायची, आजोबा भिंतीला टेकून, आम्ही पोरं समोर. आधी एक गीत, मग शास्त्रवाचन, मग प्रार्थना, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. वाचन आम्ही पाळीपाळीने करायचो. जुन्या करारातल्या नावांवर जीभ अडखळली की आजोबा पुस्तकात न बघता पुढचा शब्द सांगायचे. गीताच्या वेळी आत्याच्या हातात टाळ. तुला ते ऐकून वारकऱ्यांची भजनं वाटली होती, आणि तुझं फार काही चुकलं नव्हतं. नारायण वामन टिळक नावाचे कवी १८९५ साली ख्रिस्ती झाले, ते अभंग आणि कीर्तन बरोबर घेऊनच. त्यांनी रचलेली भजनं मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, आजही टाळ-पेटीवर म्हणतात. आजोबांना त्यातली कित्येक तोंडपाठ आहेत. सूर बेताचाच, पण हे त्यांना सांगू नकोस.

आता नावं. आजीच्या प्रार्थनेत आधी आजारी माणसं यायची, मग परीक्षेला बसलेली पोरं, मग नोकरी गेलेले, मग बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली. वडगावातले एक विणकर काका, ज्यांचे माग बंद पडले होते, ते तर कित्येक महिने रोज असायचे. यातले निम्मे लोक आमच्या चर्चचे नव्हतेच. मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, सगळे एका रांगेत. यादीत घेताना आजीने कुणाचा दाखला मागितला नाही.

आणि खरी मेख पुढे होती. 'आमेन' झालं की ज्याचं नाव निघालं त्याचं काम निघायचं. ताटं वाढता वाढता आजी वाटप करायची. "त्या काकांचं औषध खडेबाजारात मिळतं, उद्या शाळेतून येताना घेऊन ये की." "तिच्या घरी कोणी नाही, दवाखान्यात डबा पोचव." समोरच्या पोराला गणित जमत नाही म्हणून प्रार्थना झाली, तर दुसऱ्या दिवशी ते पोर वही घेऊन आमच्या कट्ट्यावर हजर, शिकवायला मी. त्यामुळे आम्ही भावंडं प्रार्थना फार कान देऊन ऐकायचो. भक्ती थोडी, धास्ती जास्त: उद्या कोणाच्या वाट्याला काय येणार ते तिथेच कळायचं.

टोमणेही तिथेच मिळायचे. "प्रभू, या घरात ज्याला दळण टाकायला अजून सवड झालेली नाही, त्याला सवड दे." डोळे मिटलेले, आवाज अगदी गोड. आमेन म्हणणं भाग होतं. प्रार्थनेचा असा वापर शास्त्राला धरून आहे का, याची मला शंका आहे. पण सकाळी गहू गिरणीत पोचलेले असायचे.

आजीचा लाडका उतारा बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. कुणी उघडं-उपाशी दारात उभं आहे आणि तुम्ही त्याला म्हणालात, सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव, पण दिलं काहीच नाही, तर त्याचा काय उपयोग, असं याकोब सरळ विचारतो. तेव्हा देवाला नावं माहीत असतात का? असतात. तुम्ही मागायच्या आधीच तुमची गरज पित्याला ठाऊक असते, असं येशूनेच मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय. माहीत नसतात ती आपल्याला. देवाला सांगायच्या निमित्ताने आजी ती नावं आम्हाला ऐकवत होती. त्याच अध्यायात दानधर्माचा डांगोरा पिटू नये असंही आहे, म्हणून डबा नेताना ताकीद असायची, "चर्चचं नाव काढू नको. जास्त झालं होतं म्हणून सांग."

तुझ्या वर्गात कुणीतरी विचारलं होतं ना, तुम्ही इथे येऊन ख्रिस्ती झालात का? पुढच्या वेळी सांग की बेळगावात लंडन मिशनची माणसं १८२० सालीच आली होती. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, तिला मराठीतली पहिली कादंबरी मानणारे बरेच आहेत. विषय कोणता, तर विधवांचे हाल. कोणाचं दुःख आपलं म्हणायचं, हे तेही चर्चच्या यादीत बघून ठरवत नव्हते.

एक गोष्ट तुला अजून नीट कळणार नाही, तरी सांगतो. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं आणि तेव्हापासून १ नोव्हेंबरला आमच्या गावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस. आजोबा मराठीचे कट्टर. दुकानांच्या पाट्यांवरून ते अजूनही तावातावाने बोलतात. पण शेजारच्या घरातली अज्जी कन्नड, आणि तिचा दमा बळावला की आजोबाच आजीला आठवण करायचे, "अज्जीचं नाव राहिलं." अज्जीही वस्ताद. म्हणायची, माझ्या बसवण्णाला सांगून ठेवलंय, तुमच्या येशूलाही सांगा, कोणाला आधी सवड होते बघू. दिवाळीला तिच्याकडून फराळ यायचा, नाताळला आमच्या करंज्या जायच्या आणि ताट कधी रिकामं परत यायचं नाही.

कापणीचा सण तू अजून बघितलेला नाहीस. आमच्या मंडळीत त्या रविवारी वेदीसमोर भाताची पोती, भुईमूग, रताळी, उसाच्या मोळ्या, भोपळे, पाय बांधलेल्या एकदोन कोंबड्या. खेड्यातले लोक पहिलं पीक आणतात, शहरातले पाकीट आणतात. भक्ती संपली की बाहेर मांडवात लिलाव. बाजारात ज्याला कोणी विचारणार नाही अशा भोपळ्यावर चढाओढ लागते, पाळकसाहेब स्वतः बोली वाढवतात, आणि कोंबडी मध्येच सुटली तर पोरांची चंगळ. पैसे मंडळीच्या कामाला जातात. आजोबांचा नियम असा की लिलावात घेतलेलं घरी ठेवायचं नाही. भोपळा खांद्यावर घेऊन मी त्यांच्या मागे हिंडायचो, आणि तो कोणाच्या दारात उतरणार हे मला आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेवरून आधीच कळलेलं असायचं.

इथे आपण जेवणाआधी दोन ओळी म्हणतो आणि ताटाला लागतो. वेळ नसतो हे खरं, पण आपल्याकडे नावंही कमी आहेत. पलीकडच्या घरात कोण राहतं ते मला पार्सल चुकून आलं तेव्हा कळलं.

गेल्या आठवड्यात तू सांगत होतीस, वर्गात नवीन मुलगी आलीय आणि डब्याच्या सुट्टीत एकटीच बसते. तिचं नाव काय म्हणालीस? येत्या रविवारी आजीला सांगायचं असेल तर सांग, ती लगेच घालेल प्रार्थनेत. फक्त सोमवारी तिचा फोन येणार, "बसलीस काय गे तिच्याजवळ?" म्हणून. हे मी तुला आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
पप्पा