क्रोम अपडेट होताना ‘एरर कोड ३’ येतो आणि काढून परत टाकला तरी जात नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोज १० चा लॅपटॉप, क्रोमच्या ‘अबाउट’ पानावर ‘अपडेट चेक सुरू झाला नाही, एरर कोड ३, ८००८०००५, सिस्टीम लेव्हल’ असा संदेश, अनइन्स्टॉल करून नव्याने टाकलं तरी तेच, आणि सेव्ह केलेले पासवर्ड जायला नकोत.

आधी एक करा, पुन्हा अनइन्स्टॉल करू नका. क्रोम स्वतःला अपडेट करत नाही. ते काम एक वेगळा प्रोग्राम करतो. पूर्वी त्याचं नाव ‘गूगल अपडेट’ होतं, आता ‘गूगल अपडेटर’ आहे. ८००८०००५ चा अर्थ एवढाच की क्रोमने या अपडेटरला हाक मारली आणि तो उठलाच नाही. क्रोम काढलात तरी मोडका अपडेटर बऱ्याचदा मागे तसाच राहतो आणि नवा क्रोम पुन्हा त्याच्याच गळ्यात पडतो. म्हणून दहा वेळा काढून टाकलं तरी कोड बदलत नाही.

पासवर्डचं आधी बघा. क्रोममध्ये गूगल खात्याने साइन-इन करून सिंक चालू असेल तर काळजी नाही. नसेल तर पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमधून ‘एक्स्पोर्ट’ करा. तयार होणारी सीएसव्ही फाइल साधी, उघडी असते, कुणीही वाचू शकतं. काम झालं की ती पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. काहीजण ‘युजर डेटा’ (क्रोम तुमची सगळी माहिती जिथे ठेवतो ते) फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून निर्धास्त होतात. बुकमार्कसाठी ते ठीक आहे, पण पासवर्ड विंडोजच्या तुमच्या खात्याशी बांधून एन्क्रिप्ट केलेले असतात. दुसऱ्या मशीनवर किंवा विंडोज नव्याने टाकल्यावर ते त्या कॉपीतून उघडत नाहीत. आणि कधी अनइन्स्टॉल करायची वेळ आलीच, तर ‘ब्राउझिंग डेटाही डिलीट करा’ या चौकटीत टिक करू नका.

आता दुरुस्ती. क्रोमच्या सगळ्या विंडो बंद करा आणि कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. तिथे अजून क्रोम दिसत असेल तर ‘एंड टास्क’ करा. विंडो बंद केल्या तरी क्रोम मागे चालू राहू शकतो, कारण सेटिंग्जमधल्या ‘सिस्टीम’ भागात ‘क्रोम बंद असतानाही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवा’ असं एक बटण आहे. ते बंद करून ठेवा. याचा अपडेटशी संबंध असा: क्रोम चालू असताना नवी आवृत्ती आली, तर इन्स्टॉलर चालू फाइलला हात लावू शकत नाही. तो नवी फाइल ‘न्यू_क्रोम’ या नावाने शेजारी ठेवतो आणि क्रोम पूर्ण बंद होऊन पुन्हा उघडला की नावांची अदलाबदल होते. ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या ‘गूगल’, ‘क्रोम’, ‘ॲप्लिकेशन’ या फोल्डरात आवृत्तीच्या आकड्याची दोन फोल्डर आणि ही फाइल दिसली, तर समजा अपडेट उतरलेलं आहे, फक्त क्रोम कधी नीट बंदच झालेला नाही. अशा वेळी लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’वर भरवसा ठेवू नका, विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केल्यावरही सिस्टीमचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो.

मग त्याच फोल्डरातल्या क्रोमच्या फाइलवर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘कंपॅटिबिलिटी’. ‘अमुक विंडोजच्या कंपॅटिबिलिटी मोडमध्ये चालवा’ आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ या दोन्ही टिक काढा. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवरही तपासा. कुणीतरी कधीतरी सुचवलं म्हणून ही टिक केलेली असते आणि नंतर विस्मरणात जाते. त्यामुळे क्रोमला आपण जुन्या विंडोजवर आहोत असं वाटतं, आणि हा कोड येण्याचं ते एक खरोखरचं कारण आहे.

पुढे सर्व्हिसेस, म्हणजे विंडोजमध्ये मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ टाइप करून उघडा. यादीत ‘गूगल अपडेटर सर्व्हिस’ आणि ‘गूगल अपडेटर इंटर्नल सर्व्हिस’ अशा दोन नोंदी हव्यात. नावापुढे आवृत्तीचा लांबलचक आकडा असतो. जुन्या मशीनवर त्याऐवजी ‘गूगल अपडेट सर्व्हिस’ दोनदा दिसते. ‘स्टार्टअप टाइप’ जर ‘डिसेबल्ड’ असेल तर चोर सापडला. ‘ऑटोमॅटिक’ करून ‘स्टार्ट’ दाबा. लगेच ‘सर्व्हिस सुरू झाली आणि थांबली’ असा संदेश आला तर घाबरू नका, काम नसलं की ती आपोआप थांबते. कॉम्प्युटर फास्ट करून देतो म्हणणारी ‘ट्यून-अप’ सॉफ्टवेअर या सर्व्हिसेस हमखास बंद करतात. ते सॉफ्टवेअर तसंच ठेवलंत तर पुढच्या ‘स्कॅन’ला पुन्हा बंद करील.

एवढ्याने भागलं नाही, किंवा यादीत नोंदीच नाहीत, तर अपडेटर नव्याने बसवा. गूगलच्या क्रोम पानावरून मिळणारी नेहमीची सेटअप फाइल घेऊ नका. ती लहान असते आणि मुख्य क्रोम नंतर नेटवरून ओढते. गूगलच्या मदतपानावर ‘ऑफलाइन’ किंवा ‘स्टँडअलोन’ इन्स्टॉलर मिळतो, तो १०० एमबीपेक्षा मोठा असतो, त्यात क्रोम आणि अपडेटर दोन्ही असतात. ६४ बिट की ३२ बिट हे ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘अबाउट’ इथे पाहून तीच फाइल घ्या. डाउनलोड झाल्यावर फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ पाहा, सही ‘गूगल एलएलसी’ची हवी. आता ‘सी’ ड्राइव्हवर, ज्याच्या नावात ‘एक्स८६’ आहे त्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ‘गूगल’ उघडा. आतल्या ‘अपडेट’ आणि ‘गूगलअपडेटर’ या फोल्डरांची नावं बदला, शेवटी ‘जुनं’ असं काहीही जोडा. पुसू नका, चुकलं तर परत येता येतं. नाव बदलू दिलं नाही तर दोन्ही सर्व्हिसेस थांबवून पुन्हा प्रयत्न करा. मग ऑफलाइन इन्स्टॉलरवर राइट-क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. क्रोम असताना वरूनच टाकायचं, आधी काढायचं नाही. प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड वगैरे) वेगळ्या जागी असतं, त्याला धक्का लागत नाही. शेवटी मेनू, ‘हेल्प’, ‘अबाउट गूगल क्रोम’ उघडून चक्र फिरून संपेपर्यंत थांबा.

तुमच्या संदेशातला ‘सिस्टीम लेव्हल’ हा शब्दही कामाचा आहे. याचा अर्थ क्रोम सगळ्या खात्यांसाठी बसवलेला आहे, म्हणून ॲडमिनचे अधिकार लागणारच. घरात दुसऱ्याच्या नावाने ॲडमिन खातं असेल तर त्यात लॉग-इन करून हे केलेलं बरं. एका खात्यापुरता क्रोम टाकायला गेलात तर ‘क्रोम आधीच सर्वांसाठी उपलब्ध आहे’ म्हणून इन्स्टॉलर थांबतो, तो बिघाड नाही.

हाच प्रश्न शोधत येणाऱ्या इतरांना वेगळे आकडे दिसत असतील, म्हणून तेही सांगतो (इंग्रजी अक्षरं देवनागरीत लिहिली आहेत, पुढचा शून्य-एक्स सोडला आहे). ८००४०१५४ म्हणजे अपडेटरची नोंदच रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतून) गायब. अपडेट थांबवायला कुणी ते फोल्डर डिलीट केलं की हमखास हेच. उपाय वरचाच, ऑफलाइन इन्स्टॉलर. ८००७०००५ म्हणजे परवानगी नाकारली: ॲडमिन नाही, किंवा अँटिव्हायरस आडवा आला. अँटिव्हायरस इन्स्टॉल होईपर्यंतच थांबवा आणि लगेच चालू करा. ८००७००७० म्हणजे डिस्क भरली. अपडेटच्या वेळी जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी राहतात, शिवाय टेम्प फोल्डरात फाइल उलगडावी लागते. म्हणून ‘सी’वर दोन-तीन जीबी मोकळी ठेवा. ३२ जीबीच्या छोट्या लॅपटॉपवर याशिवाय दुसरं कारण शोधत बसू नये.

८००७२ईई७ आणि ८००७२ईएफडी हे नेटचे. पहिल्यात सर्व्हरचा पत्ताच सापडत नाही, दुसऱ्यात पत्ता सापडतो पण जोडणी होत नाही. ब्राउझर चालतो पण अपडेट नाही, असं असेल तर प्रॉक्सी (नेटची वाहतूक ज्यातून जाते तो मधला सर्व्हर) पाहा: ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’ ही आज्ञा इंग्रजीत द्या. कधीकाळी भरलेली प्रॉक्सी दिसली तर ‘शो’च्या जागी ‘रीसेट’. होस्ट्स फाइलमध्ये (कुठली साइट कुठल्या पत्त्यावर शोधायची हे विंडोजला सांगणारी यादी) गूगलच्या पत्त्यांपुढे १२७.०.०.१, म्हणजे स्वतःच्याच मशीनचा पत्ता, लिहिलेलं असेल तर ती ओळ काढा.

८००७२एफ८एफ मात्र गंमतीशीर आहे, कारण यात इंटरनेट आणि क्रोम दोन्ही धडधाकट असतात, चुकलेलं असतं घड्याळ. तारीख मागे-पुढे असेल तर सर्टिफिकेटची मुदत जुळत नाही आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. टाइम झोन भारताचा, म्हणजे साडेपाच तास पुढे, आहे ना पाहा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. जुना डेस्कटॉप दर वेळी मुख्य वीज बंद केली की काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली आहे. सीआर२०३२, ३ व्होल्ट. कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते.

‘अपडेट ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केलं आहे’ असं आलं आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर विषय तिथेच संपला, आयटीवाल्यांना सांगा. स्वतःच्या मशीनवर आलं तर रजिस्ट्रीत ‘एचकी लोकल मशीन’, ‘सॉफ्टवेअर’, ‘पॉलिसीज’, ‘गूगल’ इथे कुणी काय लिहून ठेवलंय ते बघा. आधी एक्स्पोर्ट, मग डिलीट. अशी नोंद आपोआप येत नाही, म्हणून पाठोपाठ व्हायरस स्कॅनही करा. विंडोज ‘एस मोड’मध्ये (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप चालू देणारा प्रकार) असेल तर स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही. एस मोड फुकट काढता येतो, पण परत लावता येत नाही.

विंडोज ७ किंवा ८.१ वाल्यांनी वरचं काही करून बघू नये. क्रोम १०९ ही त्यांची शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० पासून विंडोज १० लागतं. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ सुरक्षा अपडेट मिळणारी आवृत्ती) त्यांच्यावर चालते, पण तीही शेवटचीच. बँकेचं काम अशा मशीनवर नको. मशीन ६४ बिट असेल तर लिनक्स टाकून त्यावर ताजा ब्राउझर वापरा.

एखाद्या वेबसाइटवर मध्येच ‘तुमचा क्रोम जुना झालाय, इथे क्लिक करा’ असं आलं तर ती फाइल उघडू नका. खरं अपडेट कधीच वेबपानातून फाइल देऊन येत नाही, ते ‘अबाउट’मध्येच दिसतं.

तुमच्याकडे एवढं करूनही कोड ३ राहिलाच, तर ‘विंडोज’च्या ‘टेम्प’ फोल्डरातली ‘क्रोम_इन्स्टॉलर’ नावाची लॉग फाइल उघडा (तिथे नसेल तर तुमच्या खात्याच्या ‘टेम्प’मध्ये). शेवटच्या वीस-पंचवीस ओळींत ‘एरर’ लिहिलेल्या ओळी असतात. त्या इथे कॉमेंटमध्ये टाका, पण फोल्डरच्या पत्त्यात तुमच्या विंडोज खात्याचं नाव येतं, तेवढं आधी खोडा.