‘वनस्पतिजन्य’ चांदी: हळदीतून की हळदीने?

प्रश्न सांगलीहून आला आहे. रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकासाठी मथळा केला: ‘वनस्पतिजन्य धातूचे नॅनोकण: कर्करोगावरील संभाव्य उपचार’. तो वाचून तिच्या आजींनी विचारलं, ‘हळदीतनं चांदी कवा निघाय लागली गं?’ मथळ्यात नेमकं काय खटकतंय, असा तिचा प्रश्न आहे.

आजींनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. चांदी हळदीतून येत नाही. ती आधीपासून सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, रूपात असते. त्या द्रावणात हळदीचा, तुळशीचा किंवा कडुनिंबाचा अर्क मिसळला की अर्कातली फिनॉलवर्गीय संयुगं त्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात. शाळेच्या पुस्तकात याला ‘क्षपण’ म्हणतात. त्यातून धातूचे साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कण जमतात आणि द्रावण पिवळट-तपकिरी होतं. अर्कातलेच काही रेणू कणांना वेढून बसतात, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी कडुनिंबाच्या पानांच्या काढ्याने सोन्याचांदीचे असे कण केल्याचा शोधनिबंध २००४ सालचा आहे. म्हणजे वनस्पतीचं काम इथे घडवण्याचं आणि सांभाळण्याचं. माल तिचा नाही. लिंबू पिळून केलेल्या पनीरला आपण ‘लिंबूजन्य’ म्हणतो का?

आता ‘जन्य’कडे वळू. ‘-पासून जन्मलेले’ हा त्याचा सरळ अर्थ, पण मराठीत तो दोन चालींनी चालतो. ‘जलजन्य आजार’ म्हणताना पाणी आजार वाहून आणतं, एवढंच अभिप्रेत असतं. ‘दुग्धजन्य पदार्थ’ म्हटलं की मात्र पदार्थ दुधाचाच बनलेला असतो. पुढचं नाम रोगाचं असेल तर ‘जन्य’ वाट दाखवतो, वस्तूचं असेल तर द्रव्य दाखवतो. चांदीचे कण ही वस्तू. त्यामुळे वाचक द्रव्याचा अर्थ घेणार आणि आजींसारखा अडणार. शब्द व्याकरणात चुकलेला नाही. या नामाच्या शेजारी तो फसवा आहे.

हळदीच्या बाबतीत तर घोळ दुप्पट. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याचेच अतिसूक्ष्म कण करून ते शरीरात जास्त पोहोचवता येईल का, यावर वेगळं संशोधन चालतं. ते कण खरोखर वनस्पतिजन्य! ‘हळदीचे नॅनोकण’ म्हटलं तर यातलं नक्की कोणतं? मराठीच्या विभक्तीने हा गुंता सहज सुटतो. ‘हळदीचे कण’ निराळे, ‘हळदीने घडवलेले चांदीचे कण’ निराळे. समासच हवा असेल तर ‘अर्कनिर्मित’ चालेल. ‘मानवनिर्मित तलाव’ म्हटल्यावर तलाव माणसांचा बनला आहे असं कुणी समजत नाही.

काही जण अर्काने घडवलेल्या चांदीच्या कणांना थेट ‘रौप्यभस्म’, म्हणजे आयुर्वेदातलं चांदीचं भस्म, म्हणतात, ते टाळा. भस्मासाठी वनस्पतींच्या रसात खलणं (आयुर्वेदाच्या रसशास्त्रात याला ‘भावना देणे’ म्हणतात, किती सुंदर शब्द!) आणि पुन्हापुन्हा पुटं देऊन भाजणं असतं. कृती वेगळी, नाव वेगळं.

माझी खरी हरकत ‘जन्य’पेक्षा ‘संभाव्य’ला आहे. ‘संभाव्य उमेदवार’, ‘संभाव्य पूर’ हे शब्द आपण कधी वापरतो? गोष्ट बरीचशी ठरल्यात जमा असते तेव्हा. सांगलीत ‘संभाव्य पूर’ म्हटलं की लोक सामान माडीवर हलवायला घेतात. या कणांची स्थिती तशी नाही. बहुतेक प्रयोग काचपात्रात वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवरचे आहेत, काही उंदरांवरचे. तिथे हे कण पेशींत ऑक्सिजनची घातक, क्रियाशील रूपं वाढवतात आणि पेशी मरतात, असं दिसतं. पण निरोगी पेशी कितपत वाचतात, कण यकृतात साठतात का, एका पानाच्या अर्काने केलेला माल दुसऱ्या खेपेला तसाच निघतो का, हे प्रश्न मोठे आहेत. अशा अर्कनिर्मित धातुकणांचं एकही औषध कर्करोगावर मान्यता मिळून वापरात आलेलं नाही. त्यात ‘नॅनो’ शब्दाचं सध्या पेव फुटलंय (सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं पाहिलेल्यांना हा वाक्प्रचार समजावायला नको), आणि बाटलीत भरलेलं ‘चांदीचं पाणी’ही त्याच नावाने खपतं. दीर्घकाळ चांदी पोटात गेली तर त्वचा कायमची निळसर-करडी पडू शकते. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या घरी तुमचं भित्तिपत्रक मोबाइलवरून पोहोचलं, तर ‘उपचार’ हा एकच शब्द त्यांच्या लक्षात राहील. म्हणून ‘संभाव्य’च्या जागी ‘प्रयोगावस्थेतील’ लिहा, आणि ‘उपचार’ऐवजी ‘उपचारांना साहाय्य’.

मी मथळा असा करीन: ‘वनस्पतींच्या अर्काने घडवलेले धातूचे नॅनोकण: कर्करोगाच्या उपचारांना साहाय्य होईल का? प्रयोगावस्थेतील संशोधन’. लांब झाला, पण भित्तिपत्रकावर जागा असते.

जाता जाता ऱ्हस्वदीर्घाचं. ‘धातू’ एकटा आला की दीर्घ, समासात पहिला आला की ‘धातुकण’. ‘वनस्पती’चंही तसंच, ‘वनस्पतिजन्य’. तो तुम्ही बरोबर लिहिला होता. ‘नॅनोकण’ सलग लिहा, मध्ये जागा सोडू नका.